पदवी की पटांगण?

अंगी एखादा गुण असणे हे भाग्यच होय. परंतु तो गुण कोवळ्या वयातच पैशाच्या तागडीत मोलाचा ठरू लागला, म्हणजे त्या भाग्यामागोमाग एक बिकट प्रश्नही घरात शिरतो. हाती घेतलेले शिक्षण पुरे करावे, की दाराशी आलेली संधी आधी साधावी? शिक्षक म्हणतात, "आधी परीक्षा." मित्र म्हणतात, "अशी वेळ पुन्हा येत नाही." आईबाप बिचारे दोघांचेही ऐकतात आणि रात्र जागून काढतात.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात बिहारच्या वैभव सूर्यवंशी या चौदा वर्षांच्या मुलाने आयपीएलच्या सामन्यात अवघ्या ३५ चेंडूंत शतक झळकाविले. तेव्हापासून आमच्या वर्गांतूनही हा प्रश्न अधिक मोठ्याने विचारला जाऊ लागला आहे. त्याचे उत्तर घाईने देण्यापूर्वी, ज्या देशात हा प्रश्न पन्नासांहून अधिक वर्षे गाजत आहे, त्या अमेरिकेचा अनुभव विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत बास्केटबॉल आणि त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल या दोन खेळांत व्यावसायिक संघाकडे जाणारा राजमार्ग कॉलेजांतून जातो. तेथील कॉलेजांचे सामने लाखो लोक पाहतात, त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क अफाट किमतीला विकले जातात आणि नामांकित प्रशिक्षकांना वर्षाला कोट्यवधी रुपयांच्या तोडीचे वेतन मिळते. प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलास मात्र वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीपलीकडे, म्हणजे शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांपलीकडे, फारसे काही घेता येत नसे. १९०६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा तसा कडक दंडकच होता. तेव्हा चार वर्षांचा अभ्यासक्रम अर्धवट टाकून व्यावसायिक संघाचा मोठा करार पत्करावा, असा मोह चांगल्या खेळाडूस पडावा यात नवल ते काय?

आरंभी हा मोह नियमानेच अडविलेला होता. शालान्त शिक्षण संपून चार वर्षे लोटल्याखेरीज कोणासही एन. बी. ए. या बास्केटबॉलच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेत खेळता येत नसे. हा बांध फुटला तो स्पेन्सर हेवूड या तरुणामुळे. मिसिसिपी राज्यात कापूस वेचणाऱ्या एका कुटुंबात तो जन्मला, घरी दहा भावंडे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. पुढे कॉलेज अपुरे सोडून तो एका प्रतिस्पर्धी संघटनेत गेला आणि १९७० साली त्याने एन. बी. ए. मधील सिॲटलच्या संघाशी करार केला. संघटनेने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्यास खेळू देण्याचा आदेश कायम केला. त्यानंतर संघटनेने तडजोड केली. घरची हलाखी सिद्ध करील त्यास मुदतीपूर्वी येऊ द्यावे, असा नियम प्रथम झाला. १९७६ पासून हलाखीचा दाखला मागण्याचेही सोडून देण्यात आले.

एका गरीब घरातील मुलाला त्याच्या कष्टाचे मोल घेण्यापासून चार वर्षे कशासाठी रोखावयाचे, हा हेवूडचा प्रश्न होता. त्याला उत्तर देणे सोपे नाही. पोथीपांडित्याच्या आसनावरून "विद्या हेच धन" असे सांगणाऱ्याने, ज्या घरात उद्याच्या जेवणाची विवंचना आहे त्या घराच्या उंबऱ्याशी एकदा उभे राहून पाहावे. आम्ही शिक्षक असलो तरी या बाबतीत आमची सहानुभूती हेवूडकडेच आहे.

परंतु बांध फुटला की पाणी शेतातच जाते असे नाही. १९९५ साली केविन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायंट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स हे कॉलेजची पायरीही न चढता हायस्कुलातून थेट एन. बी. ए. मध्ये गेले. तिघेही थोर खेळाडू ठरले आणि त्यांच्या नावांचा डंका जगभर वाजला. १९९८ साली कोर्लिऑन यंग हाही तसाच हायस्कुलातून गेला होता. डेट्रॉइटच्या संघाने त्यास दुसऱ्या फेरीत निवडले आणि एन. बी. ए. मध्ये त्याच्या वाट्यास एकंदर तीन सामने आले. पहिल्या तिघांची चित्रे मुलांच्या खोल्यांतील भिंतींवर लागली. चौथ्याचे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी आज प्रथमच ऐकले असेल. मोह पडतो तेव्हा डोळ्यांपुढे पहिले तिघेच असतात, ही या साऱ्या प्रकरणातील मेख आहे.

गणिताने पाहिले तरी तेच दिसेल. एन. बी. ए. चे तीस संघ वर्षाकाठी दोन फेऱ्यांत सुमारे साठ तरुण निवडतात, आणि ते निवडावयाचे साऱ्या जगातून. पहिल्या फेरीतील खेळाडूस दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. दुसऱ्या फेरीतील खेळाडूस तशी हमी नियमाने मिळत नाही. अमेरिकेतील कॉलेजांत बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुणांपैकी शंभरांत जेमतेम एकजण या निवडीपर्यंत पोहोचतो. त्यातून गुडघा वा घोटा एकदा दुखावला, की विशीतच कारकीर्द संपण्याचे भय आहेच.

हे ओळखून, आणि कोवळ्या मुलांवर पैसा लावण्याचा धोका संघमालकांनाही नकोसा झाल्यामुळे, २००५ साली नवा करार झाला. निवडीच्या वर्षी वयाची १९ वर्षे पुरी असावीत आणि हायस्कूल संपून निदान एक वर्ष झालेले असावे, असे ठरले. फुटबॉलमध्ये तर ही अट तीन वर्षांची आहे. मॉरिस क्लॅरेट या खेळाडूने २००४ साली तीस आव्हान दिले, पण वरच्या न्यायालयात तो हरला. बास्केटबॉलमधील एका वर्षाच्या अटीतून विद्येचे काय भले झाले? अनेक नामांकित मुले कॉलेजात येऊन एक हंगाम खेळत आणि निघून जात. धर्मशाळेतील वाटसरूप्रमाणे ती तेथे मुक्काम करीत. नियमाने मुलास वर्गात आणून बसविता येते. त्याचे मन पुस्तकात बसविण्याचे सामर्थ्य कोणत्याही नियमात नाही.

येथे दुसऱ्या पक्षाचाही झाडा घेतला पाहिजे. जी कॉलेजे "थांबा, शिका" असे म्हणत होती, ती स्वतः कितपत प्रामाणिक होती? १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगारास मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अशा दाव्यांच्या भीतीनेच "विद्यार्थी-खेळाडू" हा शब्दप्रयोग प्रचारात आणला गेला, असे क्रीडा संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या शब्दात विद्येचा एवढा गौरव दिसतो, त्याचा जन्म हिशेबाच्या वहीत झाला होता! पुढे १९७३ पासून चार वर्षांची शिष्यवृत्ती जाऊन ती वर्षावर्षाने नूतन करण्याची पद्धत आली. म्हणजे मुलाने चार वर्षांचे वचन द्यावे आणि कॉलेजने एका वर्षाचे! अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीस पुन्हा मुभा मिळाली ती २०१२ साली.

याहून दुःखद गोष्ट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची. १९९३ ते २०११ या काळात तेथे असे काही वर्ग चालले की ज्यांत शिक्षक शिकवावयास येत नसे. एखादा निबंध लिहून दिला की उत्तम गुण पदरात पडत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. ही मुले कॉलेज सोडून गेली नव्हती. ती थांबली होती आणि तरीही त्या वर्गांत विद्येवाचूनच राहिली. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्या मुलास दोष देण्याआधी आम्ही शिक्षकांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा आठवावे. ज्याला थांबविले त्याला शिकविण्याचे ऋण थांबविणाऱ्यावर असते.

अलीकडे तर वारे उलट फिरले आहे. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने कॉलेजेही खेळाडूंस थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक कॉलेजची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. परिणाम असा की, जे पूर्वी कॉलेज सोडून गेले असते, त्यांच्यापैकी काहीजण आता कॉलेजातच राहू लागले आहेत. शिक्षणप्रेमी मंडळींनी यावर घाईने टाळ्या वाजवू नयेत. मुलगा पैशासाठी गेला काय किंवा पैशासाठी राहिला काय, विद्येची दखल दोन्हीकडे सारखीच घेतली गेली.

मग आमचे मत कोणते? आमच्या मते "जावे की राहावे" हा प्रश्न विचारण्यातच चूक होते. खरा प्रश्न, गेलेल्याला शिक्षणाकडे परतण्याची वाट राहते की नाही, हा आहे. निवडीसाठी शेवटपर्यंत नाव ठेवणाऱ्यास कॉलेजच्या संघात परतण्याचे दार पूर्वी साधारणपणे बंद होत असे. वर्गाचे दार मात्र कोणी बंद केले नव्हते. शकील ओनील हा अवाढव्य देहाचा खेळाडू १९९२ साली तीन वर्षांनंतर कॉलेज सोडून गेला. कीर्ती आणि संपत्ती यांच्या शिखरावर असताना, २००० च्या डिसेंबरमध्ये, आपल्या संघाचा एक सामना सोडून तो पदवीदान समारंभास हजर राहिला. पुढे २०१२ साली त्याने शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेटही मिळविली. याउलट टिम डंकन हा आईला दिलेल्या शब्दाखातर चारही वर्षे थांबला आणि पदवी घेऊन १९९७ साली निवडीत पहिला आला. एकोणीस हंगाम खेळून त्याने पाच अजिंक्यपदे मिळविली. एक गेला आणि परतला, दुसरा थांबला आणि मग गेला. दोघांनीही विद्येशी नाते तोडले नाही. आणि कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या लेब्रॉन जेम्सने २०१८ साली आपल्या ॲक्रन गावी मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी शाळा उभी राहण्यास हातभार लावला, हेही विसरता कामा नये.

आता आपल्या गोव्याकडे वळू. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकत असताना विद्यापीठांच्या सामन्यांतून पुढे आले आणि १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी ६४२ धावा काढल्या; तेथे कॉलेजनेच खेळाला वाट करून दिली. पण आमच्या मुलांचे पहिले प्रेम फुटबॉल. भातकापणी झाली की शेतांची मैदाने होतात आणि त्यांतूनच एखाद्याला क्लबाचे बोलावणे येते. त्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लब, दोनदा विजेता ठरलेला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे आय-लीगमध्ये परतला, ही आनंदाची गोष्ट. परंतु खेळाडूच्या उमेदीची वर्षे क्लबाच्या परतण्याची वाट पाहत थांबत नाहीत. चांगल्या खेळाडूचाही आधार असा एका निर्णयासरशी सुटू शकतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाला बोलावणे आले तर त्यास एकदम दरडावू नये, आणि लोक वाहवा करतात म्हणून एकदम सोडूनही देऊ नये. करार किती वर्षांचा, दुखापत झाल्यास खर्च कोणाचा, परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल काय, हे प्रश्न सहीपूर्वी विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत. आमच्या मंडळाच्या परीक्षांत खेळाडूंस क्रीडागुण मिळतात. ते आधारापुरते मानावेत, अभ्यासाची सुटी मानू नये. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. वर्गात रोज येणे ज्यास शक्य नाही त्याच्यासाठीच या सोयी झाल्या आहेत. आणि शाळांनी गेलेल्या मुलाचे नाव पटावरून काढले तरी मनातून काढू नये. तो दोन वर्षांनी लंगडत परत आला, तर "सांगितले होते ना?" असे न म्हणता त्याच्यापुढे पुस्तक ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, पाय वेगवान असतात तोवर त्यांच्यावर जगाचा लोभ असतो. तो लोभ जरूर अनुभवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पस्तिशीच्या आसपास बहुतेक खेळाडूंचे पाय थकतात आणि त्यानंतर निम्म्याहून अधिक आयुष्य उरते. ते कसे जगावयाचे याची तयारी आजच करावी लागेल. मैदानावर जाताना पिशवीत बुटांशेजारी एक पुस्तक मावते, एवढे लक्षात असू द्या.