वाट वाकडी करून

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की पुष्कळ घरांत उन्हाळ्याच्या सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वरपर्यंत, फार तर उटीपर्यंत पोचत. हल्ली ते सिंगापूर, दुबई आणि स्वित्झर्लंडपर्यंत सहज जातात. तिकिटे, व्हिसा, गरम कपडे या सगळ्यांची चर्चा महिनाभर चालते. एकच प्रश्न मागे राहतो : तिथे जेवायचे कुठे? "बघू गेल्यावर," असे कर्ते पुरुष म्हणतात आणि स्वयंपाकघरातून उत्तर येते, "दशम्या न् चिवडा घेऊ की बरोबर!"

दशम्या जरूर घ्याव्यात. चिवडाही घ्यावा. पण आठ-दहा दिवसांच्या सहलीत एक जेवण तरी असे असावे, की जे दहा वर्षांनीही घरात निघावे. ते आपोआप मिळत नाही, निवडावे लागते.

ही निवड नाशिककरांना नवी नाही. आमच्या द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भेटतात. गाडीत पाहुणे, पोटात भूक आणि पुढे वाहनांची रांग, अशा वेळी "मिसळ कुठे खायची हो?" हा प्रश्न ठरलेला. जाणता नाशिककर त्याची तीन प्रकारे उत्तरे देतो. एक, "वाटेवरच आहे, चांगली आहे." दोन, "जरा वाट वाकडी करावी लागेल, पण करा." आणि तीन, "रविवारी सकाळी मुद्दाम तेवढ्यासाठी या!"

गंमत अशी, की जगातल्या सर्वांत नामांकित खाद्यमार्गदर्शिकेची मोजपट्टी नेमकी हीच आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंचा धंदा टायरचा. १९०० साली त्या देशात मोटारी जेमतेम तीन हजार. लोक फिरले तर टायर झिजणार आणि टायर झिजले तर नवे खपणार! म्हणून त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. १९२६ पासून तीत चांगल्या हॉटेलांना तारा मिळू लागला आणि १९३१ साली ताऱ्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे. तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जाण्याजोगे. पुस्तिकेचे निरीक्षक आपली ओळख न देता जेवतात आणि बिल पदरचे भरतात.

हे तारे फक्त ताटातल्या पदार्थांना असतात, झुंबरांना आणि गालिच्यांना नसतात. २०१६ साली सिंगापुरात सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणाऱ्या एका गाळ्याला तारा मिळाला, तेव्हा तिथली थाळी दोन-तीन सिंगापूर डॉलरांत मिळत असे. पुढे २०२१ मध्ये तो तारा गेलाही. तेव्हा तारा पाहायचा तर यंदाच्या यादीत पाहावा. बेताच्या खर्चात चांगले जेवण देणाऱ्या जागांसाठी त्याच पुस्तिकेत १९९७ पासून 'बिब गुर्मां' नावाची वेगळी खूण असते. मध्यमवर्गीय कुटुंबाने ताऱ्याआधी ती शोधावी.

पण कोणत्याही पुस्तिकेला एक गोष्ट सांगता येत नाही : तुमच्या टेबलाशी कोण बसणार आहे! आमच्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हावी. घरात ज्याला सर्वांत कमी गोष्टी चालतात, त्याच्या ताटावरून हॉटेल ठरवावे. बाकीची मंडळी कुठेही जेवतील. होते मात्र उलटे. मुलगा नावाजलेले हॉटेल काढतो, सून फोटो पाहून हो म्हणते, नातवंडांना आइस्क्रीम मिळाले की झाले. आणि आजींच्या पुढे येतो पाव, लोणी आणि उकडलेला बटाटा. त्या म्हणतात, "माझं झालं हो, तुम्ही सावकाश जेवा." हे वाक्य ज्या टेबलावर उच्चारले गेले, तिथले जेवण कितीही ताऱ्यांचे असो, फुकट गेले म्हणून समजावे.

हे दुखणे जुने आहे. १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी त्या थंडीतही शाकाहार सोडला नाही. १८८८ साली लंडनला गेलेले तरुण गांधी रोज दहा-बारा मैल चालत, स्वस्त उपाहारगृहात पाव खात आणि अर्धपोटी परतत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. विलायतेतले आपले पहिले मनसोक्त जेवण तिथे झाले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्या जागेला कोणी तारा दिला नव्हता, पण गांधींना ती जन्मभर आठवली.

आज इतके चालावे लागत नाही. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी झुरिकमध्ये १८९८ पासूनचे हिल्टल हे शाकाहारी उपाहारगृह आहे. जगातले सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. पॅरिसच्या आर्पेज या हॉटेलाला १९९६ पासून तीन तारे आहेत. त्याचे चालक आचारी आलँ पसार यांनी २००१ मध्ये तांबडे मांस बंद केले आणि २०२५ च्या जुलैत मासे, अंडी, दूधही वगळले. ठेवला तो फक्त मध. भाज्या स्वतःच्या मळ्यातल्या. मात्र तिथे माणशी शेकडो युरो मोजावे लागतात, हे आधीच घरात सांगून टाकावे.

जपानात क्योतोच्या देवळांतून मिळणारे 'शोजिन' जेवण तर आपल्या आजींनी ओळखीचे म्हणावे असे. बौद्ध भिक्षूंच्या या जेवणात मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य! लासलगावच्या जिल्ह्यात राहून चातुर्मासात कांद्याला न शिवणाऱ्या बाईला तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात आपल्यासारखाच नेम पाळणारे लोक भेटावेत, याहून सहलीत काय मिळवायचे?

आपलेच पदार्थ आपलेपणाने खायचे असतील, तर तीही सोय मोठी झाली आहे. २००१ साली लंडनमध्ये प्रथमच दोन भारतीय आचाऱ्यांच्या हॉटेलांना तारे मिळाले. दुबईच्या ट्रेसिंड स्टुडिओला २०२५ मध्ये तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाच्या हॉटेलाला असा मान मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ.

आता थोडे व्यवहाराचे. जागा दोन-तीन महिने आधी राखून ठेवावी. न गेल्यास पुष्कळ ठिकाणी दंड कापतात, तो आधी वाचावा. रात्रीपेक्षा दुपारचे जेवण बहुधा आटोपशीर आणि स्वस्त असते. विमानातून उतरल्या दिवशी किंवा निघायच्या आदल्या रात्री हा बेत करू नये. दहा पदार्थांचे जेवण तीन तास चालते आणि लहान मुले तेवढी बसत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे, 'शाकाहारी' एवढ्या एका शब्दावर विसंबू नये. फ्रेंच कांद्याचे सूप बहुधा गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजते. जपानी मिसो सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. इटलीच्या पार्मेसन चीजला वासराच्या जठरातला अर्क विरजणासारखा लावतात. म्हणून जागा राखतानाच लिहून कळवावे : मांस, मासे, अंडी चालत नाहीत, त्यांचा रस्साही चालत नाही, कांदा-लसूण नको असेल तर तेही. चांगल्या हॉटेलाला याचा राग येत नाही. उत्तरात टाळाटाळ दिसली, तर ते हॉटेल आपले नव्हे. बक्षिशीचेही विचारून घ्यावे. फ्रान्समध्ये सेवेचा आकार बिलातच धरलेला असतो, जपानात बक्षीस देत नाहीत आणि अमेरिकेत बिलाच्या अठरा-वीस टक्के द्यावेच लागतात.

एवढा खटाटोप एका जेवणासाठी कशाला, असे कोणी विचारील. ज्या बाईने चाळीस वर्षे घरातल्या प्रत्येकाची आवड लक्षात ठेवून पाने वाढली, तिची आवड सातासमुद्रापार कोणा अनोळखी आचाऱ्याने आधीपासून लिहून ठेवावी आणि तिचे ताट सर्वांच्या बरोबरीने यावे, एवढ्यासाठी. तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.