२१ हजारांचे खोटे

वर्षाला २१ हजार रुपये. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला साडेसत्तावन्न. तेही एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे. घरात चार माणसे धरली तर माणशी रोजचे साडेचौदाही भरत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता किंवा दुर्धर आजाराने घरी बसलेल्या माणसाला, आणि श्रावणबाळ योजनेत ६५ ओलांडलेल्या म्हाताऱ्याला महाराष्ट्र सरकारकडून दीड हजार रुपये हवे असतील, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न याच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला जोडावा लागतो. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये रोज अशी गरिबीची रेषा सांगितली, तेव्हा देशभर गहजब झाला होता. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, मंत्र्यांना ३२ रुपयांत दिवस काढून दाखवण्याची आव्हाने दिली गेली. त्या आकड्याच्या निम्म्यावर बसणारी महाराष्ट्राची रेषा मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. ती बिनबोभाट चालते, कारण ती खोटेपणावर चालते आणि त्या खोटेपणात सगळ्यांचीच सोय आहे. एका निराधाराची सोडून.

हे खोटे तयार कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या कोणत्याही तहसील कार्यालयाच्या आवारात अर्ज लिहून देणारे बसलेले असतात. समोर बसलेल्या बाईला ते उत्पन्न विचारत नाहीत. नाव, गाव, आधार क्रमांक विचारतात आणि उत्पन्नाच्या रकान्यात स्वतःच २० किंवा २१ हजार लिहून टाकतात. तलाठी, म्हणजे सरकारने नवे नाव दिलेला ग्राम महसूल अधिकारी, त्यावर अहवाल देतो. बाई रोजाने जाते हे त्याला ठाऊक असते, कारण ती त्याच्याच सजाच्या शिवारात खुरपायला जाते. तहसीलदारांची सही होते. सोबत स्वयंघोषणापत्र असते आणि खोटी माहिती दिल्यास आपण शिक्षेस पात्र राहू, असे त्यावर छापलेले असते. त्याखाली बाईचा अंगठा. या सगळ्या साखळीत कागदावर गुन्हेगार ठरू शकणारी ती एकटीच.

खरे सांगितले तर काय होईल? रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखादी विधवा ६८ दिवस कामावर गेली की तिचे उत्पन्न २१,२१६ रुपये होते आणि ती निराधार राहत नाही. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस भरले तर ३१,२०० रुपये. म्हणजे सरकारच एका हाताने ज्या कामाची हमी देते, ते काम पुरते केले तर दुसऱ्या हाताने तिचा पगार बंद करायला मोकळे. खेड्यापाड्यात या अनुदानाला पगारच म्हणतात. ‘निराधारचा पगार झाला का’ हा प्रश्न बँकेच्या दारात आठवड्यातून दहादा ऐकू येतो. हा पगार १९८० मध्ये सुरू झाला, तेव्हा देशात अशी सोय करणारी राज्ये थोडी होती. त्याआधी १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच राज्याने उभी केली होती. खडी फोडायला येणाऱ्याला तिथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही. उन्हात दिवसभर राबायला येतो, हाच त्याच्या गरजेचा पुरावा मानला गेला. ज्यांना राबणेच शक्य नाही, त्यांच्यासाठीच्या योजनेत मात्र कागदावर कागद चढत गेले.

मर्यादा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ती नसेल तर सरकारी नोकरीतला मुलगाही आईचे नाव यादीत घालेल, आणि अशी उदाहरणे मर्यादा असतानाही सापडतात. प्रश्न मर्यादेच्या आकड्याचा आहे. २०१९ मध्ये अनुदान ६०० वरून हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार झाले. दोन्ही वेळा महागाईचे कारण दिले गेले आणि ते रास्तच होते. पण महागाई वाढते म्हणजे मजुरीचे आकडेही वाढतात, पूर्वी १५ हजारांत गणली जाणारी मोलकरीण आज त्याच दारिद्र्यात ५० हजार मिळवते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. रक्कम हलली, रेषा जागेवरच राहिली. दिव्यांगांसाठी ती ५० हजारांवर नेली गेली, २०२५ मध्ये त्यांचे अनुदान अडीच हजार करण्याचा निर्णयही झाला. म्हणजे आकडा बदलता येतो. विधवेच्या आणि म्हाताऱ्याच्या बाबतीत तो बदलला नाही, एवढेच.

गरीब कोण, याची या राज्यात किती उत्तरे आहेत, ते एकदा मांडून पाहावे. पिवळ्या शिधापत्रिकेला १५ हजार. निराधाराला २१ हजार. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबाला खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. लाडक्या बहिणीला अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणाला आठ लाख. एकाच तहसीलदाराच्या एकाच टेबलावरून हे सगळे दाखले निघतात. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्यात बसून १९७१ मध्ये देशाची गरिबी मोजायचा घाट घातला, तेव्हा त्यांनी निदान माणसाच्या पोटात किती उष्मांक जातात इथून सुरुवात केली होती. आमच्या मंत्रालयात प्रत्येक विभागाचा गरीब वेगळा आहे आणि कोणाच्याही आकड्याचा पोटाशी संबंध नाही.

यातली लाडकी बहीण योजना नीट पाहायला हवी, कारण निराधारांना जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते सरकारने तिथे काही आठवड्यांत करून दाखवले. जुलै २०२४ मध्ये योजना सुरू झाली. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असे सांगण्यात आले. अंगणवाडी सेविकांपासून सेतू केंद्रांपर्यंत सारी यंत्रणा अर्ज भरून घ्यायला बसली. विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी पाच हप्त्यांचे साडेसात हजार रुपये खात्यांत पडले. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवून आधी पैसे द्यायचे आणि छाननी मागाहून करायची, ही पद्धत वाईट नव्हती. वाईट होता तो तिचा मुहूर्त. निवडणूक उरकली आणि छाननी आठवली. २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचा संशय सरकारनेच व्यक्त केला, यादीत १४ हजारांवर पुरुष निघाले, दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिला निघाल्या. मग ई-केवायसी आली आणि तिने पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्या बाईला पती नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचे, हे ठरवायला सरकारला आणखी काही आठवडे लागले. बाई एकटी असू शकते ही शक्यता बायकांसाठीच्या योजनेचा नमुना तयार करणाऱ्याच्या डोक्यात आली नाही, याला काय म्हणावे?

इकडे निराधार विधवेला लाडक्या बहिणीचे पैसे मिळत नाहीत, कारण दुसऱ्या योजनेतून दीड हजार घेणारी बहीण तिथे अपात्र आहे. नियम म्हणून त्यात चूक नाही. पण हिशेब काय झाला? नवरा कमावता, कुटुंबाचे उत्पन्न दोन लाख चाळीस हजार, अशा बाईला कार्डाच्या छायाप्रतीवर दीड हजार. नवरा गेलेला, रोजाने जाणारी, तिलाही दीड हजारच, आणि त्यासाठी २१ हजारांचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, राज्यात १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा, त्यावर समितीची मंजुरी आणि दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला. शिवाय २०२५ मध्ये पैसे कमी पडले तेव्हा लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचा निधी वळवण्यात आला आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनाच त्याविरुद्ध जाहीर तक्रार करावी लागली. निराधारांचा पगारही याच सामाजिक न्याय खात्याचा.

समितीचा उल्लेख आला तर तिच्याविषयीही बोलले पाहिजे. तालुक्यात अर्ज मंजूर करते ती संजय गांधी निराधार समिती. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांच्या मर्जीतला कार्यकर्ता. तहसीलदार सदस्य सचिव. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमणुकांची वाट पाहत अर्जांचे गठ्ठे पडून राहतात. आमदारकीचे तिकीट न मिळालेल्याची समजूत घालायला हे पद फार उपयोगी असते. आणि २१ हजारांच्या रेषेचे खरे मोल इथे कळते. अर्ज खरा असता तर मंजुरी हा हक्क ठरला असता. अर्ज खोटा आहे, हे लिहिणाऱ्याला, तलाठ्याला, समितीला आणि खुद्द अर्जदाराला ठाऊक असते. म्हणून मंजुरी हा उपकार होतो. उपकाराची परतफेड कधी एजंटाच्या हातात पडते, कधी मतपेटीत. नकाराला कोणाला जाब विचारता येत नाही, कारण विचारायला गेले तर आपलाच दाखला उघडा पडतो.

म्हाताऱ्यांची गोष्ट त्याहून अवघड आहे. श्रावणबाळ योजनेत उत्पन्न कुटुंबाचे धरतात. मुलगा पुण्यात किंवा पनवेलला कंपनीत लागलेला, त्याचे नाव गावच्या कार्डावर तसेच. तो महिन्याला काही पाठवतो की नाही, दिवाळीला तरी येतो का, हे दाखल्यात दिसत नाही. कागदावर बाप सधन असतो आणि चुलीवर काय शिजते ते शेजाऱ्यांनाच माहीत. मग बाप काय करतो? मुलाचे नाव कमी करून वेगळे कार्ड काढतो. ज्याने मुलाला कार्डावर ठेवले तो उपाशी, ज्याने कागदोपत्री तोडले त्याला पगार. कुटुंब टिकावे म्हणून व्यासपीठांवरून गळा काढणाऱ्या राज्यकर्त्यांच्या नियमाने घरोघर हे कागदी वाटे होत आहेत.

केंद्राचे वर्तन याहून निबर. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. जवळपास वीस वर्षांत तो एका रुपयानेही वाढलेला नाही. या काळात दिल्लीत आघाडीचे सरकार होते, मग दुसऱ्या आघाडीचे आले. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला आणि २०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर माफ झाला. महाराष्ट्रात एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिन्याला किमान ५० हजार निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

तिजोरीचे काय, हा प्रश्न येणारच आणि तो टाळता येणार नाही. कर्जाचा डोंगर खरा आहे. पण रेषा खरी केली म्हणून लाभार्थी एकदम दुप्पट होतील, ही भीती अनाठायी आहे. कारण पात्र ठरणाऱ्यांतले अनेक जण खोट्या दाखल्यावर आधीच आत आहेत. बाहेर राहिले ते एजंटाला द्यायला पैसे नसलेले, अध्यक्षांच्या गटात नसलेले किंवा खोटे लिहायला न धजलेले. त्यांना आत घ्यायचा खर्च राज्याने सोसलाच पाहिजे. अन्नसुरक्षेची ४४ आणि ५९ हजारांची रेषा तयार आहे. तीही जुनी आणि तोकडीच, तिच्या याद्यांतही चुका आहेत, अनेक निराधारांकडे कार्डच नाही. तरी सुरुवात तिथून करता येईल. ज्या घराला प्राधान्य किंवा अंत्योदयचे धान्य मिळते, तिथल्या विधवेला आणि म्हाताऱ्याला वेगळा उत्पन्नाचा दाखला मागू नये. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांची चौकशी ग्रामसभेसमोर व्हावी. दूर राहणाऱ्या मुलाचे उत्पन्न म्हाताऱ्याच्या खात्यावर मांडणे थांबवावे. मंजुरी तहसीलदारांनी ठरलेल्या मुदतीत द्यावी आणि नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे. समिती ठेवायचीच असेल तर तिने अर्ज मंजूर करू नयेत, राहून गेलेली माणसे शोधावीत. आणि रेषा दरवर्षी रोजगार हमीच्या दराबरोबर आपोआप सरकावी.

यासाठी विधेयक नको की अभ्यासगट नको. अनुदान वाढवताना २०१९ आणि २०२३ मध्ये सामाजिक न्याय खात्याने शासन निर्णय काढले होते. तसाच आणखी एक काढायचा आहे.