पायलीत अच्छेर किती, मेगाबाइटमध्ये मेगाबिट किती?

दोन अच्छेरांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हा हिशोब जव्हार-मोखाड्याकडच्या जुन्या माणसांना आजही तोंडपाठ आहे. म्हणजे एका पायलीत आठ अच्छेर. अच्छेर मोजून पायलीचे पैसे घेणाऱ्या दुकानदाराच्या ओट्यावर गिऱ्हाईक पुन्हा चढत नसे.

आता त्याच बाजारात इंटरनेट विकले जाते. आमचे अनेक बांधव रिचार्ज, सिमकार्ड आणि मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. बाकीच्यांचे यूपीआय, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल आणि मालाचे फोटो याच मार्गाने जातात. परंतु या मालाचे माप कोणते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

लाईनचा वेग बिटमध्ये मोजतात. फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होते. म्हणून ४० मेगाबिटच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील, १०० मेगाबिटच्या लाईनवर साडेबारा. प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमी, कारण निरोपाबरोबर पत्त्याचा मजकूरही त्याच तारेतून जातो. गिऱ्हाईक पडद्यावर ५ चा आकडा पाहून म्हणतो, मला फसवले. दुकानदार म्हणतो, नेटवर्क मंद आहे. दोघेही चुकतात.

यात कंपन्यांची लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तारेतून संकेत एकामागून एक जातात, म्हणून दूरसंचारवाले पहिल्यापासून बिटच मोजत आले. घोटाळा लिपीत आहे. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, उर्दूतही नाहीत. त्यामुळे आपल्या पाट्यांवर दोन्ही मापे ‘एमबीपीएस’ होऊन बसतात. त्यात भर अशी की, एकाच पोस्टरवर रोजचा डेटा गिगाबाइटमध्ये आणि वेग मेगाबिटमध्ये छापलेला असतो. आणि वेगाच्या आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरात.

मापात घट करणाऱ्यांच्या नावानेच कुरआनमध्ये ८३ वी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. ह. शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना माप-तोलाबद्दलच बजावले होते. गिऱ्हाईकाचा गैरसमज दिसत असताना तो तसाच राहू देऊन सौदा करणे हे आमच्या मते त्याच घटीच्या जवळ जाते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, दुकानाच्या पाटीवर पूर्ण शब्द लिहा: ‘१०० मेगाबिटपर्यंत, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट’. रंगाचा खर्च थोडा वाढेल.

घेणाऱ्यानेही हिशोब शिकावा. रोजचा डेटा संपला की बऱ्याच योजनांत वेग ६४ किलोबिटवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. वारली चित्रे विकणारा कारागीर ४ मेगाबाइटचा एक फोटो मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवू लागला, तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. दहा फोटोंना सुमारे एक तास तेवीस मिनिटे! १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हाच्या ९.६ किलोबिटच्या जोडणीपेक्षा हे बरे, एवढेच समाधान. तोच फोटो २०० किलोबाइटचा करून पाठवला तर २५ सेकंदांत जातो. ही युक्ती पोरांना विचारून आजच शिकून घ्यावी.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. डाउनलोडचा वेग किमान २ मेगाबिट असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचे. पूर्वी ही अट ५१२ किलोबिटची होती. दोन मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट. एक गिगाबाइट उतरायला तरीही तास-सव्वा तास लागेल, पण ४ मेगाबाइटचा फोटो १६ सेकंदांत उतरेल. मोखाड्यात डोंगराआड बसलेल्या दुकानदाराला ब्रॉडबँड म्हणून विकलेली लाईन एवढेही देत नसेल, तर त्याने तक्रार केलीच पाहिजे, आणि आकड्यासह केली पाहिजे. ट्रायचे मायस्पीड नावाचे ॲप आहे. आपल्याच गल्ल्यावर बसून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजावे. तारीख-वेळ वहीत लिहावी. अपलोडचा आकडा वेगळा असतो, तोही टिपावा. माल विकणाऱ्याला पाठवायचेच काम जास्त, आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा नसतो.

मेमरी कार्ड विकणाऱ्या बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. ६४ गिगाबाइटचे कार्ड संगणकाला लावले की तो साधारण ५९.६ दाखवतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतो. कार्ड बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो, संगणक १०२४ च्या पटीने. माल पूर्ण आहे. त्याला हे शांतपणे समजावून सांगावे. मात्र कार्ड आकार बरोबर दाखवते, पण भरत आले की फाइली उघडेनाशा होतात, अशी तक्रार आली तर बहुधा ते बनावट असते. ते निमूटपणे परत घ्यावे आणि ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणले त्याला त्याच दिवशी दाखवावे.