यादीतून भाषा येत नाही

इंग्रजी वाक्प्रचार घोकले की इंग्रजी बोलता येतं, हा समज मला पटत नाही. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपली मुलं परीक्षेसाठी पाठ करतात. खुद्द इंग्रज माणूस बहुधा ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. उलट ‘स्टिकी विकेट’ घ्या. पावसात भिजून उन्हात वाळू लागलेली खेळपट्टी फलंदाजाची कशी भंबेरी उडवते, हे ज्याला ठाऊक, त्याला ‘बिकट प्रसंग’ हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ‘हात दाखवून अवलक्षण’ आपण आजीच्या तोंडून, नेमक्या वेळी ऐकूनच शिकलो ना? यादी तोंडपाठ असलेलं मूल चारचौघांत गप्प बसतं, कारण प्रसंग त्याला कुणी दाखवलेलाच नसतो. हाती यादी देण्याआधी कानी भाषा पडू द्या.