अरबी शिकून काय हशील?

आम्ही डोंबिवलीतील काही मराठीचे अध्यापक अरबी शिकण्याच्या खटपटीत आहोत, हे कळल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "या वयात अरबी शिकून काय हशील?" प्रश्न रास्त होता. गंमत एवढीच, की त्यातला 'हशील' हा शब्द मुळात अरबीच आहे.

वर्गात मराठीची शब्दसंपत्ती शिकवताना तत्सम, तद्भव, देशी यांच्यानंतर आपण परभाषीय शब्दांकडे येतो. अर्ज, वकील, तारीख, हरकत अशी यादी सांगतो आणि पुढे जातो. संस्कृत शब्दाचा धातू सांगणारे आपण, या शब्दांना काही व्याकरण असेल याचा विचारही करीत नाही. वास्तविक अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. ह-स-ल म्हणजे हाती येणे. त्यापासून हशील, तहसील आणि महसूल. 'वसूल' त्यांचा भाऊबंद वाटतो, पण त्याचा धातू व-स-ल, म्हणजे पोहोचणे, हा वेगळाच. मुक्काम, कायम आणि किंमत या तिघांच्या मुळाशी 'उभे राहणे' हा एकच अर्थ आहे. 'मसुदा' म्हणजे शब्दशः काळे केलेले.

मोल्सवर्थने आपल्या कोशात अरबी शब्दांवर तशी खूण केली. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये आला. हे शब्द आपल्याकडे बहुतांशी फारसीच्या वाटेने आले आणि वाटेत त्यांचे अर्थही पालटले. अरबीत 'गरीब' म्हणजे परका. कोशातून शब्दाचे मूळ कळते, पण शब्द घडतो कसा हे कळायला ती भाषाच शिकावी लागते.

म्हणून आम्ही ऑनलाइन शिक्षक शोधू लागलो. कैरो, अम्मान, बैरूत येथील शिक्षक घरबसल्या मिळतात. २०१५ मध्ये सुरू झालेली 'नतकल्लम' ही संस्था तर युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या सीरियन व अन्य लोकांना भाषाशिक्षक म्हणून काम देते. तिच्या नावाचा अर्थच 'आम्ही बोलतो' असा आहे.

आम्ही कैरोचे एक शिक्षक निवडले. गृहस्थ अतिशय सालस. परंतु ते शिकवीत कैरोची बोली. त्या बोलीत 'ज'चा 'ग' होतो आणि कंठातला 'क' बहुधा गळूनच जातो. धातूंविषयी विचारले की ते हसून विषय बदलत. दोन महिन्यांनी उमगले की चूक आमची होती. लिखित, प्रमाण अरबीला फुस्हा म्हणतात. घरीदारी बोलली जाणारी अरबी देशोदेशी निराळी. आम्हांला हवी होती फुस्हा, आणि आम्ही मागितली होती नुसती 'अरबी'.

तेव्हा शिक्षकाचे शुल्क आणि त्याला मिळालेले तारे नंतर पाहावेत. पहिल्या चाचणी-तासालाच आपला हेतू सांगावा आणि विचारावे, की तहसील व महसूल एका कुळातले, मग वसूल का नाही? जो शिक्षक या प्रश्नाने खुलेल, तो आपला. वेळेची अडचण फारशी येत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कैरोत संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात.

पण या शोधात एक गोष्ट आम्हांला खटकली, ती आमच्याविषयीच. धीम्या गाडीने ठाण्याकडे निघाले की कोपर, दिवा आणि तिसरे स्थानक मुंब्रा. तिथे, तसेच भिवंडीत आणि कल्याणात, लहान मुलेही अरबी अक्षरे वाचतात. कोणता वर्ण कंठात कुठून उच्चारायचा, हे त्यांना काटेकोरपणे शिकवले जाते. आखाती देशांत वर्षानुवर्षे नोकरी करून परतलेली कोकणी माणसे तिथली बोली बोलतात. आम्ही वीस वर्षे याच मार्गावरून ये-जा करीत आहोत. कैरोचा शिक्षक सापडला, पण मुंब्र्याला उतरून कुणाला काही विचारावे हे एकदाही सुचले नाही. परभाषीय शब्दांची यादी 'बाहेरून आलेले' म्हणून शिकवता शिकवता आपण शेजाऱ्यांनाही त्याच यादीत टाकले की काय, अशी शंका मनाला चाटून गेली.

आमचे मत असे, की प्रत्येक मराठी विभागात निदान एकाला तरी ही लिपी वाचता यावी आणि धातूवरून शब्द ओळखता यावा. व्याकरणासाठी ऑनलाइन शिक्षक घ्यावा. तिघाचौघांनी मिळून घेतला तर तो परवडतो. उच्चारांसाठी मात्र तीन स्थानके प्रवास करावा. आमचा नवा तास मंगळवारी रात्री असतो. मुंब्र्याला जाण्याचा रविवार अजून ठरायचा आहे. तो या महिन्यातच ठरवावा लागेल.