मालिकेतला देव आणि घरातला प्रश्न

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एक भगिनी आमच्याजवळ आल्या. त्यांची मुलगी अकरावीला आहे. मैत्रिणीकडे गणपतीच्या आरतीला गेली असता तिथल्या काकूंनी सहज विचारले, "तुमच्याकडे कोणत्या देवाचं असतं?" मुलगी म्हणाली, "आम्ही देव मानत नाही." यावर मैत्रीण म्हणाली, "मग मेणबत्ती लावून हात कुणाला जोडता?" मुलीला उत्तर सुचेना. घरी येऊन तिने तोच प्रश्न आईला केला आणि आईने "आधी अभ्यास कर" म्हणून तिला गप्प केले. आता त्याच आईला रुखरुख लागली होती. "पेपरात काहीतरी लिहा," म्हणाल्या.

लिहायचे तर टीव्हीपासून लिहावे लागते. श्रद्धा म्हणजे काय दिसते, हे या वयाची मुले घरात शिकतात तितकेच पडद्यावर शिकतात. 1997 ते 2005 या काळात दूरदर्शनवर 'शक्तिमान' चालू होते. आमच्या वस्त्यांतली पोरेही एक हात वर करून गरागरा फिरत. त्या नायकाची शक्ती योगसाधनेतून, चक्रे जागी होऊन आणि पंचमहाभूतांतून आलेली. पोरांना मजा आली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण पौराणिक मालिका काय आणि जादूच्या मालिका काय, त्यांत शंका घेणारे पात्र बहुधा दुष्ट तरी असते, नाहीतर चमत्कार पाहून शेवटी हात जोडते. खरोखर शंका आहे म्हणून विचारणारे शाळकरी पोर त्यांत क्वचितच सापडते.

असे पोर आम्हांस सापडले ते दूर नॉर्वेत. तिथल्या सरकारी वाहिनीने 2015 ते 2017 या वर्षांत ऑस्लोच्या शाळकरी मुलांवर 'स्काम' नावाची मालिका केली. तिचे चौथे पर्व सना या मुस्लिम मुलीचे. ती हिजाब घालते, नमाज पढते, आणि दारू पिणाऱ्या मैत्रिणींच्या घोळक्यातही वावरते. चमत्कार एकही नाही. तिला आवडणारा मुलगा मुस्लिम घरातला, पण तो आता श्रद्धा मानत नाही. इथे ती अडते. एका प्रसंगात तिचा वर्गमित्र इसाक तिला सांगतो की लोकांनी खुळचट प्रश्न विचारले तरी उत्तर देत जा, कारण विचारणे थांबले की लोक आपल्या मनानेच उत्तरे रचू लागतात. आम्ही काही त्या धर्माचे नाही आणि ईश्वरही मानत नाही. तरी तो प्रसंग पाहताना आम्हांस त्या आरतीतल्या काकू आठवल्या.

आणि त्याहून अधिक आठवले ते सुभेदार रामजींचे घर. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. तीत ही हकीकत आहे. रामजी कबीरपंथी. घरी जमलेल्यांना मुलांनी रामायण-महाभारत वाचून दाखवावे, असा त्यांचा दंडक. पुढे दादा केळुसकरांनी शाळकरी भीमरावाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचल्यावर या मुलाने वडिलांनाच विचारले, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी सांगणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे? बुद्धाचे वाङ्मय आम्हांला का दिले नाहीत? वडिलांना राग आला. असले खुळे प्रश्न विचारू नये, सांगितले ते करावे, असे त्यांनी सुनावले. मुलगा गप्प बसला नाही. पुढे वडिलांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी अशी सामान्य स्थितीतून वर आलेली माणसे पाहून तो जावा, हा हेतू. मुलाला तेही पुरेसे पटले नाही.

बाप प्रेमळ, पण दराऱ्याचा. मुलगा आदर राखणारा, पण हट्टी. एका घरात दोघेही खरे. किशोरांसाठी याहून मोठे नाट्य कोणते हवे? बाबासाहेबांवर स्टार प्रवाहने 2019-20 मध्ये मालिका केली, हिंदीत 'एक महानायक' आली, आमच्या घराघरांत ती पाहिली गेली. त्याचा आनंद आहेच. पण आजच्या बौद्ध घरातले, आज कॉलेजात जाणारे, आरतीच्या ताटासमोर गोंधळून उभे राहिलेले पोर एखाद्या मालिकेचा नायक झालेले आमच्या तरी पाहण्यात नाही. मागे बुद्धाची तसबीर दिसते, एवढ्यावर आम्ही खूष होतो!

त्या भगिनींना आम्ही एवढेच सांगितले की मुलीला पुन्हा जवळ घ्या. मेणबत्ती लावून आपण वर मागत नाही. बुद्ध देव नव्हता, वाट दाखवणारा होता. पंचशील आपण स्वतः पाळायला घेतो, कुणी पावावे म्हणून नव्हे. त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक आहे हो. पण ती विचारते, मग गुडघे का टेकायचे?"

आम्ही म्हणालो, पुढच्या रविवारी तिलाच घेऊन या.