सलमान खान नको, नर्स द्या

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की मुस्लिमबहुल भागांत लोक कोरोनाची लस घ्यायला कचरत आहेत, म्हणून सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेतली जाईल. पुढच्या वर्षी याच महिन्यात गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही साथ पोचली. पुन्हा विनंती मौलानांनाच: जरा आवाहन करा. मौलानांनी केलंही, आणि बरं केलं. पण मुसलमानाच्या डोक्यात लस घालायची तर एक नट किंवा एक मौलाना लागतो, हे जे गृहीत धरलं गेलंय, त्याचा मला राग येतो.

आमच्या मोहल्ल्यातली आई लसीला नव्हे, दारात आलेल्या अनोळखी माणसाला घाबरते. मोहीम निघाली की वर्षातून एकदा कुणीतरी वही घेऊन येतं, नाव विचारतं, घरात किती माणसं ते विचारतं आणि जातं. एनआरसीच्या दिवसांत तर वही बघितली की दारं बंद व्हायची. बाळाला लस दिली, रात्री ताप आला, आता विचारायचं कुणाला? लस देणारी बाई कुठे राहते हे कुणालाच माहीत नसतं. गल्लीतलीच कुणी असती तर रात्री अकरा वाजताही तिचं दार वाजवता आलं असतं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली ती याच विचारातून: हजार लोकसंख्येमागे एक बाई, त्याच गावची, बहुधा गावची सून. त्याच्याही कितीतरी आधी, 1970 पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायांना, ज्यांतल्या कित्येक दलित आणि निरक्षर होत्या, बाळंतपणापासून जुलाबापर्यंत सगळं शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शिकवलेल्या गावातल्या बायांनी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. महाराष्ट्राला यात बाहेरून काही शिकायचं नाहीये.

मग आमच्याकडे ते का आलं नाही? ती योजना नावातच ‘ग्रामीण’ होती. महाराष्ट्रातले 70 टक्क्यांच्या आसपास मुसलमान शहरांत राहतात. गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव. कागदावर शहर, म्हणजे दवाखाने जवळ, म्हणजे सोय आहे. प्रत्यक्षात देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली राहणाऱ्या किंवा यंत्रमागाच्या खडखडाटात बाळ झोपवणाऱ्या बाईपेक्षा एखाद्या खेड्यातली बाई आरोग्यसेविकेच्या जास्त जवळ होती. शहरी आरोग्य अभियान आलं 2013 मध्ये. आठ वर्षं उशिरा. यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. (आपल्याकडे कट शोधायची हौसही जरा जास्त आहे.) पण गरिबी खेड्यातच असते असं मानून नकाशा आखला की शहरातला मुसलमान आपोआप बाहेर पडतो.

आता शहरातही आशा आहे. तिचं प्रशिक्षण किती? मूळ आराखड्यात पहिल्या वर्षी 23 दिवस. तिला पगार नाही, ‘मोबदला’ आहे. जन्मलेल्या बाळाच्या घरी 42 दिवसांत सहा-सात भेटी द्यायच्या, वजन करायचं, ताप बघायचा, त्याचे 250 रुपये. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणतात. कामगार म्हटलं की किमान वेतन द्यावं लागतं ना!

म्हणून मला आमच्या मुलींसाठी नुसत्या आशेच्या जागा नकोत. मला एएनएम आणि जीएनएम झालेल्या मुली हव्यात. बारावीनंतर दोन किंवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग पालिकेच्या दवाखान्यात पक्की नोकरी. सच्चर समितीने 2006 मध्ये जी राज्यांची आकडेवारी मांडली, त्यात आरोग्य खात्यातल्या नोकऱ्यांत मुसलमान पाच टक्क्यांहून कमी होते.

मी उर्दू शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला एएनएमला प्रवेश मिळाला. बाप लूमवर. पहिल्या वर्षाची फी मोहल्ल्याने जमवली, दुसऱ्या वर्षाची जमली नाही. आज ती घरी बसून साड्यांना खडे लावते. हुशार होती, इंजेक्शन द्यायला हात थरथरत नाही म्हणून खूश होती. तिच्या गल्लीत लसीकरणाला आजही दुसऱ्या वॉर्डातून बाई येते.

अल्पसंख्याकांसाठी पैसा नाही असं कुणी म्हणू नये. प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमात 80 टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य आणि कौशल्यावर खर्चायची असा नियम आहे. पण तो पैसा मुख्यतः बांधकामाचा. इमारत उभी राहते, फलक लागतो, फीत कापली जाते, आत बसणारी नर्स मात्र त्यातून येत नाही. आणि गोवंडीत गोवर चालू होता त्याच नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांच्या पहिली ते आठवीच्या मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. शिक्षण मोफतच आहे, हे कारण दिलं. वह्या, बूट, रिक्षा हेही मोफत असतं असं कुणीतरी दिल्लीत मानत असावं.

मागणी साधी आहे. दरवर्षी प्रत्येक अशा वॉर्डातून काही मुली निवडा, पूर्ण फी सरकारने भरावी, दरमहा विद्यावेतन द्यावं, उर्दूतून आलेल्या मुलीला इंग्रजी आणि मराठीची सहा महिने तयारी करून द्यावी, आणि बदल्यात तिने पाच वर्षं त्याच वॉर्डात नोकरी करावी. हिंदू वस्त्या, आदिवासी पाडे, भटक्यांच्या पालांनाही हेच लागू करा. मला खास काही नको.

आता आपल्या घरातलंही बोलू. रात्रपाळी करावी लागते, परक्या पुरुषाला हात लावावा लागतो, म्हणून मुलीला नर्सिंगला पाठवत नाही असं सांगणारे बाप मला दर वर्षी भेटतात. हेच बाप बायकोच्या बाळंतपणाला लेडी डॉक्टरच हवी म्हणून दवाखान्यात भांडतात. ती लेडी डॉक्टर, ती नर्स कुणाची तरी मुलगीच असते ना? सीरतच्या पुस्तकांत हजरत रुफैदांचा तंबू मस्जिद-ए-नबवीत होता, जखमींची सेवा तिथे व्हायची. हा प्रसंग जुम्याच्या बयानात मी फार कमी वेळा ऐकला. दहेजविरोधी बयानं ऐकतो, तीही हवीतच.

जोवर सरकार जागं होत नाही तोवर मशीद कमिट्यांनी एक करावं. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. त्याच शुक्रवारी एएनएमच्या प्रवेशाची माहिती सांगा, जकातीतून दोन मुलींची पूर्ण फी बाजूला काढा, दोन्ही वर्षांची. आणि तो हिशेब घेऊन पालिकेत जा, विचारा: आम्ही दोघींचा खर्च उचलला, तुम्ही किती जणींचा उचलणार?